दारणेतली पिल्लं कोण मोजतंय?

नाशिकजवळचं देवळाली म्हटलं की आपल्याला तोफखाना आठवतो, हवा आठवते. जगातल्या मासेअभ्यासकांना मात्र हे नाव माहीत आहे ते एका बोटभर माशामुळे. 1938 मध्ये होरा आणि मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली; इंग्रजीत त्याला 'देवळाली मिनो' म्हणतात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. वाघ त्याच्या एक पायरी खाली, नुसता 'संकटग्रस्त'! पण या माशाचं पोस्टर काही कुठे लागलेलं दिसत नाही. ना पट्टे, ना डरकाळी.

माझं म्हणणं एवढंच, की नदी बरी आहे का हे बघायचं तर पिल्लं मोजा. मोठा मासा मिळाला तर तो दोन-तीन वर्षांपूर्वीचा उरलेलाही असू शकतो. पिल्लू मिळालं, तर यंदा अंडी पडली, गोटे गाळानं बुजले नव्हते, पाण्यात प्राणवायू होता. बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना फक्त त्या दिवसाचं सांगतो.

आणि देवळालीजवळून वाहणाऱ्या दारणा नदीचे हाल विचारू नका. धरण 1916 चं. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की नदी दुथडी, बंद झालं की डबकी. काठच्या उथळ पाण्यात गवताच्या मुळांशी थांबलेली पिल्लं त्या डबक्यांतच अडकतात. मग ऊन, बगळे आणि मच्छरदाणीचं कापड घेऊन आलेली पोरं. पोरांना काय बोलणार, चढणीचे मासे धरायला आपणही गेलोच आहोत की! खाली चेहेडी गावापर्यंत वालदेवी या उपनदीचं सांडपाणी येऊन मिळतं, ते वेगळंच.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे मत्स्यबीज सोडणे. कटला, रोहूची बोटुकली सोडायची, फोटो काढायचा. धंद्याला ठीक आहे, मच्छीमारांची चूल त्यावर पेटते. पण त्याला नदीचं संवर्धन म्हणू नका. शेजारच्या गावची पोरं आणून शाळेची पटसंख्या दाखवण्यातला प्रकार आहे तो.

2027 च्या नाशिकच्या सिंहस्थासाठी घाट होतील, रस्ते होतील. त्यातली चिमूटभर रक्कम या मोजणीला द्या. फार काही लागत नाही. ठरलेल्या जागा, जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला त्याच वेळी बारीक जाळीची एक ओढ, पांढऱ्या ट्रेमध्ये पट्टीशेजारी फोटो, पाण्याचं तापमान, प्राणवायू, तळाला गोटे की गाळ याची नोंद, आणि मासे लगेच परत पाण्यात. पांढऱ्या ट्रेमध्येच का, तर नखाएवढं पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं. हातात धरलं तर डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसतात. ओळख पटवायला कॉलेजचे प्राणिशास्त्रवाले घ्या आणि जागा दाखवायला काठावरचे मच्छीमार. रोजंदारी देऊन घ्या, फुकट नाही. कुठल्या डोहात कुठला मासा अंडी घालतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

आकडे आले की पाटबंधारेवाल्यांपुढे बसून विचारता येईल: आवर्तन एकदम बंद न करता दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरवता येईल का? इगतपुरी ते सांगवी, दारणाकाठचे कुणी वाचत असतील तर गावाचं नाव कमेंटमध्ये टाका. पहिल्या जागा तिथूनच ठरवू.