लक्ष्मीचे तीन येन आणि एक युरो

सोसायटीच्या सभासदांची यादी कुणीतरी प्रेमाने ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) करून पाठवतं. आपण तिच्यावर दोनदा टिचकी मारतो, एक्सेल उघडतं आणि कांबळ्यांपासून कुलकर्ण्यांपर्यंत सगळी बिल्डिंग परकीय चलनात गेलेली दिसते: मराठी नावांच्या जागी येन-युरोसारख्या चिन्हांचा ढिगारा. मग प्रत्येकजण फाँटवर घसरतो. मंगल लावून बघा, कोकिळा लावून बघा! माझ्या मते संगणकाच्या इतिहासात फाँटइतक्या खोट्या केसेस कुणावर झाल्या नसतील.

फाइलीत अक्षरं नसतातच, नुसते आकडे असतात. कुठल्या चिन्हाला कुठले आकडे हे ठरवणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं; बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ‘लक्ष्मी’ म्हणजे ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी: चिन्हं ७, बाइट २१. फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कुणी सांगितलं नाही, तर इंग्रजी विंडोजवर ते विंडोज-१२५२ हा जुना तक्ता धरून बसतं. तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून सातांची एकवीस होतात.

बाइट सोळाच्या अंकपद्धतीत लिहितात, म्हणून आकड्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. पहिला बाइट सर्वांना सारखा, ई०: डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए. दुसरा ए४ किंवा ए५. ए४ म्हणजे कुठल्याच देशात न चालणारं चलनचिन्ह, ए५ म्हणजे येन. तिसऱ्यावर ज्याचं त्याचं नशीब. ‘म’ला रजिस्टर्ड ट्रेडमार्कची खूण मिळते, ऱ्हस्व वेलांटीला उलटं प्रश्नचिन्ह, दीर्घ वेलांटीला थेट युरो. दोन हलन्तांचे दोन येन, वेलांटीचा एक येन, वर युरो. लक्ष्मी नावाला जागते.

विठ्ठलाची मात्र दैना. ‘ठ’चा तिसरा बाइट ए०, म्हणजे त्या तक्त्यातली न तुटणारी मोकळी जागा. ती दिसत नाही, आणि कुणी ‘जादा स्पेस काढून टाकतो’ म्हणत हात फिरवला की तिची साधी स्पेस होते आणि ‘ठ’ कायमचा जातो. हलन्ताच्या ८डी या बाइटाला तर तक्त्यात अक्षरच नेमलेलं नाही. ॐच्या ९० लाही नाही. विठ्ठलात दोन ठ आणि मध्ये हलन्त, म्हणजे निम्मं नाव धोक्यात!

उपाय सोपा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. फाइलीवर टिचकी मारायची नाही. कोरं एक्सेल उघडून ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यायचं, ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडायचं, नावं नीट दिसली की ‘लोड’. पाठवणाऱ्याला एवढीच विनंती की सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. मग फाइलीच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लागतात आणि एक्सेल शहाण्यासारखं वागतं. (काही प्रोग्रॅम ह्याच तिघांना पहिल्या रकान्याच्या नावात धरतात आणि ‘अनुक्रमांक सापडला नाही’ म्हणून अडून बसतात. सगळ्यांना एकदम खूश ठेवता येत नाही.)

मूळ फाइल हरवली आणि हाती फक्त येन-युरोचा ढिगारा उरला, तरी आशा असते. तो नोटपॅड++ या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवा, ‘एन्कोडिंग’मधून ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ (इंग्रजी विंडोजवर म्हणजे तोच जुना तक्ता) करा, मग नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा. इथे पुन्हा ‘कन्व्हर्ट’ दाबलंत तर कचऱ्याचाच व्यवस्थित कचरा होईल. ‘ठ’ शाबूत असतील तर नावं परत येतात.

आशा सोडावी ती प्रश्नचिन्हं दिसल्यावर. मराठी यादी साध्या ‘सीएसव्ही’त सेव्ह केली, की जुन्या तक्त्यात देवनागरीला जागाच नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाऐवजी ३एफ हा प्रश्नचिन्हाचा एकच बाइट लिहिला जातो. विठ्ठलची सहा प्रश्नचिन्हं, सुनीताचीही सहाच. मेंटेनन्स कुणाचा थकलाय ते ब्रह्मदेवाला विचारा! इथे कुठलाही मेनू कामाचा नाही. सेक्रेटरींकडून मूळ एक्सेल फाइल मागवायची, आणि ती येईपर्यंत बिलं वाटायची नाहीत.