हाँगकाँगला आया म्हणून गेलं की सात वर्षांनी पर्मनंट? नाही हो

तो फॉरवर्ड परत फिरतोय, की हाँगकाँगमध्ये मुलं सांभाळायच्या व्हिसावर सात वर्षं काढली की तिथलं कायमचं राहणं पक्कं. चुकीचं आहे. सात वर्षांचा नियम खराय, पण तो ऑफिसातल्या नोकरीसारख्या इतर व्हिसांवरच्या परदेशी माणसांना, घरकामाच्या व्हिसावाल्यांना, म्हणजे आयांनाही, कायद्यानेच त्यातून वगळलंय. ही अफवा उठली कुठून तर २०११ मध्ये, तिथे १९८६ पासून काम करणारी फिलिपिनो बाई व्हायेहोस कायमचं राहण्याच्या हक्कासाठीची केस हायकोर्टात जिंकली होती, त्या बातमीचं कात्रण अजून फिरतंय, पुढचं कोणी वाचतच नाही. २०१२ ला अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने एकमताने सांगितलं की नाही म्हणजे नाही, पंचवीस वर्षं राबली तरी. कॉन्ट्रॅक्ट दोन-दोन वर्षांचं, राहायचं मालकाच्याच घरात, आणि काम मधेच सुटलं तर साधारण दोन आठवड्यांत देश सोडायचा. रविवारी सुट्टीला हाँगकाँगच्या सेंट्रल भागात पुलांखाली पुठ्ठे अंथरून डबे उघडून बसलेल्या शेकडो बाया दिसतात ना, त्या हौसेने नाही बसत, स्वतःची खोलीच नसते बऱ्याच जणींना. तेव्हा पीआरच्या, म्हणजे कायमच्या रहिवासाच्या नावाखाली एजंट जास्तीचे पैसे मागत असेल तर सरळ कटवा त्याला.