मुलींचं बास्केटबॉल १९७२ ला जन्मलं नाही

परभणीपासून लातूरपर्यंत क्रीडा शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘बास्केटबॉल मूळचा मुलांचा खेळ. अमेरिकेत १९७२ चा कायदा आल्यावर विद्यापीठांत मुलींचे संघ निघाले. त्याआधी मुली खेळल्या, त्या नावापुरत्या. आपल्याकडे तर ते खूळच.’

मूळचा मुलांचा? अमेरिकेतले व्यायाम शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी तिथल्याच स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात व्यायाम शिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी तो मुलींना शिकवला आणि २२ मार्च १८९३ रोजी पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. बेरेनसनबाईंनी चेंडू वर उडवला, तो सेंटरच्या मुलीच्या हाताला लागला आणि तिचा खांदा निखळला. तिला ऑफिसात नेऊन सांधा बसवला, दुसरी मुलगी उतरवली, सामना पुढे चालू. नावापुरतं खेळणं म्हणतात ते हेच का?

दोन विद्यापीठांतला सामनाही जुनाच आहे. ४ एप्रिल १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डच्या मुलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला २-१ ने हरवलं. एका बाजूला नऊ खेळाडू, आणि पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नाही.

१९७२ चा मुद्दा मात्र साफ खोटा नाही. मेसेजमधला कायदा म्हणजे ‘टायटल नाइन’ हे कलम, ते त्याच वर्षीचं. पण त्या कलमाच्या मूळ वाक्यात खेळ हा शब्दच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, एवढंच ते म्हणतं. त्यातून शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, प्रवासखर्च यांचा हक्क उभा राहिला. संघ आधीच होते, पैसा नंतर आला. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने मुलींची स्पर्धा १९८२ ला सुरू केली, यावरूनही कोणी मेसेजचंच म्हणणं सिद्ध करू पाहील. पण त्याआधी दहा वर्षं मुलींची राष्ट्रीय स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना घेतच होती.

हो, मुलींचे नियम बराच काळ वेगळे होते. बेरेनसनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग सोडायचा नाही, दुसऱ्याच्या हातातून चेंडू हिसकायचा नाही. बाईमाणसाला दम झेपत नाही, ही तेव्हाची समजूत. ती मुलींची कुवत नव्हे.

आता आपल्याकडचं खूळ. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालं. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा त्याच्या पाच वर्षं आधी, १९५३ ला चिलीत झाली होती. म्हणजे आपलं विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा मुलींचा खेळ साठी ओलांडून गेला होता. आपल्याकडच्या अडचणी वेगळ्याच आहेत: सिमेंटचं तापलेलं कोर्ट, जाळी नसलेली रिंग, आणि ऊन उतरल्यावर ‘आधी पोरांना खेळू द्या’. मुलींच्या सामन्याला सहा नंबरचा चेंडू लागतो. सरावाला मुलांचा जुना सात नंबरचा देतात आणि वर नेम चुकला म्हणून ओरडतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी स्टोअररूममध्ये सहा नंबरचे चेंडू किती आहेत, तेवढं मोजा.