इंडियानापोलिसची ‘हद्दवाढ’: एक खुलासा

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराने 1970 मध्ये भोवतालची उपनगरे ‘हद्दीत ओढली’ आणि त्यामुळे त्याची लोकसंख्या 1960 च्या सुमारे 4.76 लाखांवरून 7.44 लाखांवर गेली, असे विधान फिरत आहे. आकडे बरोबर आहेत, कारण मात्र चुकीचे आहे. हद्दवाढीत शहराची सीमा सरकते आणि शेजारचे प्रशासन आपल्या जागी कायम राहते. 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा जिल्हा परिषद तशीच राहिली, हे आपल्याला ठाऊक आहेच. इंडियानापोलिसमध्ये घडले ते वेगळे होते. इंडियाना राज्याच्या विधिमंडळाने 1969 मध्ये ‘युनिगव्ह’ कायदा केला आणि 1 जानेवारी 1970 पासून शहर व मॅरियन काउंटी (शहराभोवतालचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांना एकच महापौर व एकच परिषद मिळाली. त्यासाठी सार्वमत घेतले गेले नाही, ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

‘सगळे एक झाले’ हेही अर्धसत्यच आहे. स्पीडवे, लॉरेन्स, बीच ग्रोव्ह आणि साउथपोर्ट ही गावे वेगळी राहिली, शाळांचे जिल्हे (शाळा चालवणारे स्वतंत्र स्थानिक विभाग) विलीन झाले नाहीत, आणि शहर पोलीस व शेरीफचे (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे) गस्तीदल एकत्र यायला 2007 उजाडले.

दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर अमेरिकेतीलच नॅशव्हिल शहर घ्यावे: तेथे 1958 मध्ये मतदारांनी शहर व काउंटीचे विलीनीकरण फेटाळले, शहराने मग संमतीविना हद्दवाढ केली, आणि त्या रोषाचाही 1962 च्या मतदानात विलीनीकरणाला हातभार लागला.