वेग मोजला कसा, हेही सांगावे

संगणकातील निरुपयोगी फायली व नोंदी काढणाऱ्या एका सफाई-सॉफ्टवेअरचे परीक्षण करणारा लेख वाचला. त्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीतील (विंडोज व प्रोग्राम यांच्या सेटिंग्जच्या नोंदी जिथे साठतात त्या भांडारातील) शेकडो त्रुटी शोधल्या आणि संगणक वेगवान झाला, असे लेखात म्हटले आहे; परंतु तो वेग कसा मोजला याचा उल्लेख नाही, आणि परीक्षणाचा खरा कस तिथेच लागतो. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात. त्यांतल्या काहीशे निरुपयोगी नोंदी काढल्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उलट एखादी गरजेची नोंद उडाली तर प्रोग्राम उघडेनासा होतो, म्हणूनच मायक्रोसॉफ्टही अशा सफाईची शिफारस करत नाही. ब्राउझरची कॅशे (पाहिलेल्या संकेतस्थळांचा साठवून ठेवलेला मजकूर व चित्रे) पुसल्यावर जागा मोकळी होते हे खरे, पण चित्रे वगैरे पुन्हा उतरवून घ्यावी लागत असल्याने नेहमीची संकेतस्थळे सुरुवातीला सावकाशच उघडतात. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले तर मात्र फायदा दिसतो, आणि ती सोय विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ या भागात आधीपासूनच आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा एका ओळीत उरकला, याचे वाईट वाटले. अशा सॉफ्टवेअरला प्रशासकाचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याचे, अधिकार द्यावे लागतात. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाई-सॉफ्टवेअरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती.

पुढील परीक्षणात संगणक रीस्टार्ट केल्यापासून तो वापरता येईपर्यंतचा वेळ, सफाईपूर्वी आणि सफाईनंतर, अनेकदा मोजून द्यावा, ही लेखकांना विनंती.