आजार लपवणारा माणूस आणि त्याला लपवायला लावणारे आपण

जीवघेणी साथ आली की काही दिवसांतच एक वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागतं. "लोकांना शिस्तच नाही हो!" लोक घाबरून वेड्यासारखे वागतात, आजार लपवतात, पळून जातात, आणि म्हणून साथ पसरते, असा एकूण सूर असतो. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या साथींच्या जेवढ्या हकीकती वाचल्या आणि 2020-21 मध्ये जे जवळून पाहिलं, त्यावरून माझं मत नेमकं उलटं झालं आहे. बहुतेक माणसं साथीत बऱ्यापैकी शहाणपणाने वागतात. आणि जी आजार लपवतात, त्यांनी आजार सांगणाऱ्याचं काय होतं ते आधी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

कोरोनाच्या सुरुवातीला अनेक देशांत सरकारी टाळेबंदी लागू होण्याआधीच लोकांचं बाहेर पडणं कमी झालं होतं. मोबाइलच्या ठिकाणांवरून काढलेल्या आकडेवारीत ते स्पष्ट दिसलं. कुणी दंडुका उगारला नव्हता. लोकांनी बातम्या वाचल्या आणि आपणहून घरी बसले. कितीतरी देशांत टॉयलेट पेपरची कपाटं रिकामी झाली त्याची फार थट्टा झाली. पण दिवसाचे आठ-दहा तास ऑफिसात आणि शाळेत घालवणारी माणसं चोवीस तास घरी राहायला लागली, तर घरातली गरज वाढणारच. थोडी साठेबाजी झाली, नाही असं नाही. पण "वेड" म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

लपवण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे.

आमच्या शेजारच्या घरात त्या काळात रात्री उशिरापर्यंत टीव्ही मोठ्याने लागलेला असायचा. एरवी अतिशय शांत माणसं. खूप नंतर, सगळं निवळल्यावर, वहिनींनी स्वतःच सांगितलं की त्यांना ताप होता आणि खोकल्याची उबळ आली की भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून त्या आवाज वाढवायच्या. तपासणी त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन केली, पत्ता जुन्या घराचा दिला. का? तर काही आठवड्यांपूर्वी पलीकडच्या विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका नर्सला काय काय सोसावं लागलं ते त्यांनी बघितलं होतं. ती स्वतः आजारीसुद्धा नव्हती. ती फक्त कोविड वॉर्डात कामाला होती. तिचा कचरा उचलणं बंद झालं, लिफ्ट वापरू नका असं सांगण्यात आलं, ग्रुपवर तिच्या फ्लॅटचा नंबर टाकून चर्चा झाली. शेवटी ती घर सोडून गेली. मग वहिनींनी टीव्हीचा आवाज वाढवला, याचं कुणाला आश्चर्य वाटावं?

दारावर खूण करायची आपली सवय फार जुनी आहे. 1665 मध्ये लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा रुग्ण सापडलेल्या घराला बाहेरून कुलूप लावत, दारावर लाल फुली काढत आणि "देवा, आमच्यावर दया कर" असं लिहीत. आत आजारी आणि धडधाकट, सगळे एकत्र कोंडलेले. बाहेर पहारेकरी. नवऱ्याला गाठ आली म्हणून बायको-मुलांनाही त्याच्यासोबत मरणाच्या दारात बसवायचं, असा त्याचा अर्थ होता. साहजिकच लोक पहिली गाठ दिसली की ती लपवायचे, तपासनिसांना पैसे चारायचे, पहारेकऱ्यांना चुकवून निसटायचे. 355 वर्षांनी भारतात कोविड रुग्णांच्या घरांबाहेर फलक लागले. अखेर 9 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचे तसे खास निर्देश असल्याशिवाय असे फलक लावायचे नाहीत. त्या सुनावणीत असंही नोंदलं गेलं की फलक लागल्यावर त्या घरातल्या माणसांना अस्पृश्यासारखं वागवलं जातं.

पुण्याचा 1897 चा प्लेग मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण तो आपण नेहमी रँडच्या खुनापासून आठवतो. साथरोगाच्या बाजूने त्याकडे कमी पाहतो. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, मार्चपासून रँडच्या प्लेग कमिटीने सैनिक घेऊन घरं तपासायला सुरुवात केली. घरात शिरून बायका-पुरुषांची अंगं तपासणं, सामान बाहेर काढून जाळणं, संशयिताला उचलून छावणीत नेणं. हेतू रोग शोधण्याचा होता. परिणाम काय झाला? रुग्ण लपवले गेले, मृत्यू दडवले गेले, ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले आणि रोगही सोबत घेऊन गेले. 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या काही वर्षांत सरकारलाच ही सक्ती सैल करावी लागली. त्याच पुण्यात दत्तक मुलगा डॉ. यशवंतरावांनी काढलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले स्वतः रुग्णांना आणत होत्या. ती सेवा करतानाच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रुग्ण शोधणं दोन्हीकडे चाललं होतं. एका बाजूला माणसं दार लावून घेत होती, दुसऱ्या बाजूला स्वतःला त्या हातांत सोपवत होती. साथ आटोक्यात आणायची तर यातलं काय उपयोगाचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अफवांबद्दलही माझं असंच म्हणणं आहे. "अशिक्षित लोक अफवांना बळी पडतात" हे वाक्य मला चीड आणतं. 1832 मध्ये लिव्हरपूलमध्ये कॉलरा आला तेव्हा गरिबांनी डॉक्टरांवर दगडफेक केली. त्यांचा समज असा की डॉक्टर रुग्णांना इस्पितळात नेऊन मारतात आणि शवविच्छेदनासाठी त्यांची शरीरं वापरतात. ऐकायला वेडगळ वाटतं. पण त्याआधी सहाच वर्षं, 1826 मध्ये, त्याच शहरात पिंपांत भरून बाहेर पाठवायच्या तयारीत असलेली 33 प्रेतं सापडली होती. थडग्यांतून चोरलेली, आणि ती चोरी बहुतेक गरिबांच्या थडग्यांतूनच व्हायची. अफवा खोटी होती, तिच्यामागची आठवण खरी होती.

हे जुन्या काळापुरतं आहे असं मानू नका. बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये हेपॅटायटिस बी लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. 2011 मध्ये ते उघड झालं. पोलिओ डोस देणारे लोक हेर असतात हा संशय पाकिस्तानात आधीपासून होताच, त्याला आता पुरावा मिळाला. डिसेंबर 2012 मध्ये पोलिओ कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यात घरोघर जाणाऱ्या बायका होत्या. मे 2014 मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की यापुढे सीआयए लसीकरण मोहिमांचा आडोसा घेणार नाही. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या आईने त्या काळात दार उघडलं नाही, तिला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

माणसं सवयी बदलत नाहीत हेही खोटं आहे. सगळ्यात कठीण सवय कुठली? आपल्या मेलेल्या माणसाला हात न लावणं. पश्चिम आफ्रिकेत 2014-16 च्या इबोलात 11,000 हून अधिक माणसं गेली, आणि इबोलाचं प्रेत मृत्यूनंतरही फार संसर्गजन्य असतं. आंघोळ घालताना, कवटाळताना घरचे आजारी पडत. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली पथकं येत, फवारणी करत, देह पिशवीत घालून नेत. कुठे पुरला ते कित्येकदा घरच्यांना कळतही नसे. लायबेरियात तर मनरोव्हिया भागात देह जाळायचा आदेश निघाला. तिथल्या माणसांच्या मनाला हे कुठल्याच अंगाने पटणारं नव्हतं. त्यांनी आजारी माणसं लपवायला आणि रात्री गुपचूप दफन करायला सुरुवात केली.

बदल झाला तो पथकांनी आपली पद्धत बदलल्यावर. नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने "सुरक्षित आणि सन्मानाने दफन" अशी नवी रीत सांगितली. आधी कुटुंबाशी बोलायचं. पोशाख त्यांच्यासमोर चढवायचा, म्हणजे आत माणूस आहे हे त्यांना दिसेल. धर्मगुरूला प्रार्थना करू द्यायची. कबरीवर नाव लिहायचं. घरच्यांना अंतरावरून का होईना, सगळं बघू द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत लोकांनी काही महिन्यांत बदलली. पुढे 2018 नंतर काँगोत इबोलाच्या काही केंद्रांमध्ये पारदर्शक भिंतींच्या खोल्या आल्या. भिंतीतच बसवलेल्या हातमोज्यांतून परिचारिका रुग्णाला हाताळू शकते आणि बाहेर उभ्या नातेवाइकाला आपला माणूस दिसतो. ताडपत्रीआड नेलेला माणूस आणि काचेपलीकडे दिसणारा माणूस, यात घरच्यांसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साथीत कुणा एका समाजावर खापर फोडण्याबद्दल एकच उदाहरण देतो. 14 फेब्रुवारी 1349 ला आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं गेलं, विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून. प्लेग तेव्हा त्या शहरात पोचलासुद्धा नव्हता.

आता पैशाचा मुद्दा, जो सुखवस्तू लोकांच्या चर्चेत सगळ्यात शेवटी येतो. मार्च 2020 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका पाहणीत दिसलं की लागण झाली तर वेगळं राहायची तयारी सगळ्याच आर्थिक थरांत होती. पण गाठीला पैसा नसलेल्यांमध्ये ते शक्य असण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. इच्छा सारखी, ऐपत वेगळी. 1665-66 मध्ये इंग्लंडमधल्या ईम गावाने प्लेग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेतलं, सुमारे 260 माणसं गेली, ही कथा त्यागाची म्हणून सांगतात. ती आहेच. पण त्या वेळी आजूबाजूचे लोक गावाच्या वेशीवरच्या दगडांपाशी अन्नधान्य ठेवून जात होते, डेव्हनशरचा उमराव (अर्ल) सामान पुरवत होता. वेशीवर धान्य आलं नसतं, तर तो निश्चय किती आठवडे टिकला असता?

लोक कंटाळतात, हे मात्र खरं. सॅन फ्रान्सिस्कोत 21 नोव्हेंबर 1918 ला फ्लूच्या साथीतली मास्कची सक्ती उठल्यावर लोकांनी जल्लोष केला. जानेवारीत ती पुन्हा आली तेव्हा "अँटी-मास्क लीग" उभी राहिली. कंटाळा माणसाला येणारच. त्याचा हिशेब नियम करणाऱ्यांनी आधी करायचा असतो. आणि खरं बोलायचं असतं. फिलाडेल्फियात फ्लू पसरत असताना अधिकारी लोकांना धीर देत राहिले, 28 सप्टेंबर 1918 ला सुमारे दोन लाख लोकांच्या गर्दीत मिरवणूक होऊ दिली, आणि काही दिवसांत इस्पितळांत जागा उरली नाही. त्यानंतर त्याच अधिकाऱ्यांच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा?

पुढची साथ येणार, कधी ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आमच्या इमारतीच्या पुढच्या बैठकीत मी काही गोष्टी लेखी मांडणार आहे. रुग्णाचं नाव किंवा फ्लॅटचा नंबर कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. ज्या घरात आजार असेल त्या घराचं सामान, औषधं आणि कचरा यांची जबाबदारी कुणाची, ते आत्ताच नावानिशी ठरवायचं. घरकामाला येणाऱ्या मावशींना आजारपणात पगारी सुट्टी, आणि "दाखला आणा" म्हणून अडवायचं नाही. वैद्यकीय सेवेतल्या भाडेकरूला साथीच्या काळात घर सोडायला सांगायचं नाही, हे नियमावलीतच घालायचं. शेवटच्या मुद्द्याला विरोध होईल याची मला कल्पना आहे. तुमच्या इमारतीत, ऑफिसात असं काही ठरलं असेल तर कसं ठरवलंत ते खाली लिहा, मला बैठकीत दाखवायला उपयोग होईल.