२५२० मध्ये जादू नाही, लसावि आहे

सेलूच्या मामांनी घरच्या ग्रुपवर २५२० वाला मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेलच. १ ते १० पर्यंत प्रत्येक संख्येनं पूर्ण भाग जाणारी ही जगातली एकमेव संख्या, रामानुजननी शोधलेली, पाश्चात्त्य गणिती थक्क; आणि रहस्य काय, तर ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०!

मी सोडून देणार होतो. पण परवा सहावीतल्या पुतणीची वही हाती आली. ४, ६ आणि १० यांचा लसावि काढा. पायरी एकही नाही, उत्तर २५२०. "मांडलं कामून नाहीस?" तर म्हणते, "काका, त्याला सगळ्यांनीच भाग जातो की. सेलूच्या आजोबांनी पाठवलंय."

भाग जातो, खरंय. पण लसावितला 'ल' लघुतमचा असतो बाई. उत्तर ६०.

आता ते 'एकमेव'. हा शब्द ज्यानं घुसडला त्यानं २५२० ची दुप्पटसुद्धा करून बघितली नाही. ५०४० ला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. ७५६० ला जातो, १०,०८० ला जातो. २५२० चा पाढा म्हणत राहा, अशा संख्या संपायच्याच नाहीत. २५२० त्यांतली सगळ्यात लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि, एवढंच. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार. ६ आणि १० साठी वेगळं काही घालावं लागत नाही, त्यांचे अवयव आत आधीच आहेत. १ ते २० चा हवा असेल तर तो २३,२७,९२,५६० येतो. त्यावर मात्र कुणी मेसेज काढत नाही.

रामानुजननी शोधली म्हणावं, तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं 'लॉज' या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० हा आकडा सुचवला, तोच मुळी १ ते १० नं भाग जातो म्हणून. २५२० त्याच्या निम्मी.

तरी रामानुजनचं नाव अगदीच हवेतलं नाही, हे कबूल करावं लागतं. आपल्यापेक्षा लहान कोणत्याही संख्येहून जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांचा १९१५ चा निबंध आहे. त्यातल्या तक्त्यात २५२० आहे, विभाजक ४८. पण तिच्यापुढे लगेच ५०४० आहे, विभाजक ६०. आणि तक्ता जातो थेट ६७४६३२८३८८८०० या तेरा अंकी संख्येपर्यंत. तिचे विभाजक १०,०८०. २५२० वर ते थांबलेसुद्धा नाहीत.

वार-महिन्यांचं काय सांगावं! दोन बैल गुणिले चार एकर गुणिले तीन पोती केलं तरी २४ येतात. २४ काय, ते मामांनी सांगावं. शिवाय १२ × ३० म्हणजे ३६०. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, चांद्र वर्ष साधारण ३५४ चं. त्या अकरा दिवसांचा मेळ घालायलाच तर धोंड्याचा महिना येतो, आणि मामा दर धोंड्याला जावयाला जेवू घालतात.

हे सगळं मामांना फोनवर ऐकवलं. मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, ११ नं जातो का भाग?"

"नाही. १ उरतो."

"मग ११ नं जाणारी कोणती?"

मागून पुतणी ओरडली, "आजोबा, २७,७२०! १२ नं पण जातो!"

"थांब गं," मामा म्हणाले, "लिहून घेतो."